'सख्र'ची दुसरी सुरुवात

२ ऑगस्ट १९९० ही तारीख कुवेतमधला जुना मराठी माणूस विसरू शकत नाही. इराकी सैन्य शिरले आणि हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. एक लाखाहून अधिक भारतीय अम्मानमार्गे विमानाने मायदेशी परतले.

घाव फक्त नोकरदारांवरच पडला असे नाही. मोहम्मद अल-शारेख यांनी १९८२ मध्ये येथे 'अल आलमिया' ही कंपनी काढली होती. अरबी उजवीकडून डावीकडे लिहितात, शब्दातल्या जागेप्रमाणे अक्षराचे रूप बदलते. हे संगणकाला शिकवणे, हेच तिचे काम. तिचा 'सख्र' संगणक अनेक अरब घरांत पोहोचला. सख्र म्हणजे खडक!

आक्रमणानंतर हा उद्योग कैरोला हलवावा लागला. तेथे छापील अरबी मजकूर वाचणारी आणि भाषांतर करणारी सॉफ्टवेअर्स पुढे आली. २०२१ मध्ये शारेख यांना किंग फैसल पुरस्कार मिळाला. २०२४ मध्ये ते निवर्तले.

नोकरी गेल्यावर स्वतःचा सॉफ्टवेअर व्यवसाय काढू पाहणाऱ्या आपल्या मंडळींनी एवढेच ध्यानात घ्यावे : शारेख यांना गाव सोडावे लागले, पण अरबी वाचकाची गरज कायम होती. ती त्यांनी आधीच नेमकी ओळखली होती.