छायाचित्राची पाठशाळा

गोदावरीच्या उगमाशीं वसलेल्या त्र्यंबकेश्वर क्षेत्रीं ३० एप्रिल १८७० रोजीं धुंडिराज गोविंद फाळके ह्यांचा जन्म झाला. पुढें भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून त्यांची कीर्ति झाली, व ती यथार्थच आहे. परंतु चित्रपटाकडे वळण्यापूर्वीं कित्येक वर्षें हा पुरुष छायाचित्रणाचा आणि चित्रमुद्रणाचा विद्यार्थी होता, ही गोष्ट मागें पडते. वृत्तपत्रासाठीं छायाचित्रें काढूं इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यास कोणतीं साधनें लागतात आणि तीं त्यास कोणी द्यावीं, ह्या प्रश्नाचें पुष्कळसें उत्तर त्यांच्या चरित्रांत सांपडतें.

ह्या प्रांतांत छायाचित्रणाचें शिक्षण त्यांच्या जन्माआधींच सुरू झालें होतें. १८५४ सालीं मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, आणि १८५५ मध्यें एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें ह्या विद्येचा वर्ग भरूं लागला. डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांचे बंधु नारायण दाजी हे त्या सोसायटीचे सभासद होते. हरिश्चंद्र चिंतामण हे त्या वर्गांत शिकून पुढें नामांकित छायाचित्रकार झाले. त्या काळीं काचेवर रसायनाचा लेप द्यावा, तो ओला आहे तोंच चित्र घ्यावें, आणि वाळण्यापूर्वीं धुवावें, अशी रीत होती. प्रवासास निघावयाचें तर अंधाऱ्या खोलीचा तंबू, रसायनांच्या बाटल्या आणि काचांच्या पेट्या बरोबर न्याव्या लागत. अशी विद्या घरीं बसून येणारी नव्हती. तिला गुरु हवा, जागा हवी, आणि खर्च सोसणारा आश्रयदाता हवा.

फाळके ह्यांच्या घरीं संस्कृत विद्या होती. वडील दाजीशास्त्री हे मुंबईस विल्सन कॉलेजांत संस्कृतचे अध्यापक झाले, म्हणून कुटुंब मुंबईस आलें. १८८५ सालीं धुंडिराजांनीं सर जे. जे. कलाशाळेंत प्रवेश केला, व तेथून ते बडोद्यास गेले. सयाजीराव महाराजांनीं १८९० सालीं बडोद्यास कलाभवन स्थापिलें, आणि रसायनशास्त्राचे जाणते प्रा. त्रिभुवनदास गज्जर हे त्याचे प्रमुख झाले. हा तरुण चित्रकलेबरोबर छायाचित्रणांतही रमतो, हें गज्जर ह्यांनीं ओळखलें, आणि रंगीत ब्लॉक तयार करण्याची व छायाचित्र शिळेवर उतरवून छापण्याची विद्या शिकण्यासाठीं त्यास रतलामला धाडलें. आपल्या संस्थेंत जें पुरेसें नाहीं तें दुसरीकडे आहे असें जाणून विद्यार्थ्यास तेथें पाठविणें, हें अध्यापकाच्या मोठेपणाचें लक्षण होय.

ही ब्लॉकची विद्या वृत्तचित्राचा प्राण आहे. छायाचित्रांत काळ्यापांढऱ्यामधील करड्या छटा असतात. छापखान्याची शाई मात्र सर्वत्र सारखीच काळी उमटते. म्हणून आडव्याउभ्या सूक्ष्म रेषा आखलेल्या काचेंतून चित्र पुन्हा घेतात, त्यामुळें त्याचे असंख्य ठिपके होतात. गडद भागीं ठिपका मोठा, उजळ भागीं लहान. तें चित्र जस्ताच्या अथवा तांब्याच्या पत्र्यावर उतरवून आम्लानें कोरलें म्हणजे ठिपके उंच राहतात, आणि खिळ्यांच्या अक्षरांसोबत एकाच दाबानें कागदावर उमटतात. ही युक्ति साधण्यापूर्वीं छायाचित्र भिंतीवर अथवा संग्रहांत राही. ती साधल्यावर तें पहांटेच्या अंकांतून घरोघर जाऊं लागलें.

विद्या मिळाली, पण समाजाची साथ मिळाली नाहीं. गोध्रा येथें त्यांनीं छायाचित्रांचा धंदा मांडला. तेथें १९०० सालच्या प्लेगनें पत्नी व मूल दोन्हीं हिरावून नेलीं. पुढें बडोद्यास पुन्हा दुकान घातलें, तों कॅमेरा माणसाची शक्ति शोषून घेतो असा समज लोकांत पसरला आणि गिऱ्हाईक फिरकेना. १९०३ सालीं ते पुराणवस्तुसंशोधन खात्यांत छायाचित्रकार व आरेखक झाले. ती नोकरी सोडून त्यांनीं लोणावळ्यास चित्रमुद्रणाचा छापखाना काढला, नंतर तो दादरला आणला, आणि १९०९ सालीं रंगीत छपाईचीं यंत्रें आणण्यासाठीं ते जर्मनीस गेले. १९१३ सालीं ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला, त्यामागें ही सर्व तपश्चर्या होती. त्या चित्रपटानंतर त्यांनीं आपलें कार्यस्थान नाशकास नेलें. द्वितीय पत्नी सरस्वतीबाई ह्यांनीं कोणत्याही शाळेची पायरी न चढतां फिल्मला भोकें पाडणें, ती धुणें हीं कामें शिकून घेतलीं. घर हीच त्यांची पाठशाळा झाली.

फाळके चित्रपटाकडे वळले, तरी ब्लॉकमुळें खुला झालेला मार्ग इतरांनीं पुढें नेला. १३ एप्रिल १९१९ रोजीं जालियनवाला बागेंत हत्याकांड झालें. पंजाबांत लष्करी कायदा पुकारून वृत्तें दाबण्यांत आलीं. अशा वर्षीं नारायण विनायक विरकर ह्यांनीं तेथें जाऊन भिंतींवरील गोळ्यांच्या खुणांचीं छायाचित्रें घेतलीं. शब्द नाकारतां येतो. भिंतीवरील छिद्र नाकारणें कठीण.

फाळके ज्या जे. जे. कलाशाळेंत शिकले, तेथेंच सुमारें अर्धशतकानें होमाई व्यारावाला ह्या विद्यार्थिनी होत्या. कॅमेऱ्याची विद्या त्यांस मानेकशा व्यारावाला ह्यांजकडून मिळाली, व पुढें तेच त्यांचे पति झाले. होमाईंचीं आरंभींचीं छायाचित्रें मानेकशा ह्यांच्याच नांवावर प्रसिद्ध झालीं. काम एकाचें आणि नांव दुसऱ्याचें, अशी ती स्थिति होती. १९४२ सालीं त्या दिल्लीस गेल्या, सत्तांतराचे प्रसंग त्यांनीं टिपले, आणि २०११ सालीं त्यांस पद्मविभूषण मिळालें. कलाशाळेनें दृष्टि दिली, घरानें यंत्र दिलें. मात्र स्वतःचें नांव मिळावयास कालावधि लागला.

आज साधनांची वाण नाहीं. कॅमेरा प्रत्येक खिशांत आहे. नाशकांत यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे; वृत्तविद्येचें विद्यापीठीय शिक्षण पुण्यास रानडे इन्स्टिट्यूटमध्यें मिळतें; आणि १९६४ सालीं पुण्यासच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालें. तथापि हें संग्रहालय निघेपर्यंत पुष्कळ उशीर झाला होता. १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं नाशकास फाळके निवर्तले, त्यांस तेव्हां वीस वर्षें लोटलीं होतीं, आणि ‘राजा हरिश्चंद्रा’चा आज थोडाच भाग उरला आहे. जें जपलें नाहीं तें कोणत्याही विद्यार्थ्यास शिकवितां येत नाहीं.

म्हणून नाशिकच्या ज्या तरुणास सिंहस्थाची गर्दी, द्राक्षबागेवरची गारपीट किंवा गोदावरीचा पूर टिपावयाचा असेल, त्यानें चित्र घेतल्यावर लगेच एक काम करावें. दिवस, स्थळ, चित्रांतील माणसांचीं नांवें आणि शेवटीं स्वतःचें नांव, एवढें त्यासोबत लिहून ठेवावें. त्यास यंत्र लागत नाहीं, विद्यापीठही लागत नाहीं. पन्नास वर्षांनीं त्या चित्राजवळ येणारा विद्यार्थी पहिल्यानें तेंच शोधील.