दगडावरचे नाव

गावाच्या वेशीवर बंदूकधारी सैनिकाचा पुतळा दिसला, की स्मारकाची ही रीत साहेबाने आणली असे सहज म्हटले जाते. चबुतरा, गणवेश, संगमरवरी पाटी ही घडण विलायती आहे, हे खरे. पण लढताना पडलेल्या आपल्या माणसासाठी दगड उभा करण्याची चाल इथलीच, इंग्रजांच्या कित्येक शतके आधीची. अशा दगडाला वीरगळ म्हणतात; हा शब्द कानडी ‘कल्लु’ म्हणजे दगड यावरून आला. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर आणि माथ्यावर कलश व सूर्यचंद्र. बोरिवलीजवळच्या एक्सरच्या वीरगळांवर तर वल्ह्यांची जहाजे झुंजताना दिसतात. राजाच्या युद्धात पडलेल्याला जो मान, तोच गावची गुरे चोरांपासून सोडवताना मेलेल्यालाही मिळे. सैनिक-स्मारकाचे मूळ मी इथे मानतो.

या मुळात एक उणीव मात्र आहे, आणि पुढची सगळी कथा त्या उणिवेचीच आहे. कर्नाटकातल्या अनेक वीरगळांवर लेख आहेत. महाराष्ट्रातले बहुतेक वीरगळ मुके आहेत. वीराचा चेहराही ठरीव. कोण पडला हे साऱ्या गावाला ठाऊक असताना ते कोरायचे कशाला, असे तेव्हा वाटले असावे. पिढ्या सरल्या, आठवण पुसली, आणि दगडाला कुठे शेंदूर लागला, कुठे तो पायरीत बसवला गेला. नाव कोरल्याने काय घडते, याचा दाखला भीमा कोरेगावला आहे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर ईस्ट इंडिया कंपनीने उभारलेल्या स्तंभावर साध्या शिपायांची नावे आहेत, आणि त्यांतली ‘नाक’ने संपणारी नावे महार शिपायांची आहेत. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे गेले. स्तंभ कंपनीच्या विजयाचा होता. नावांमुळे तो शंभर वर्षांनी एका समाजाला आपल्या पूर्वजांचा वाटला.

पहिल्या महायुद्धानंतर पाटी आली, तीही अर्धीच बोलणारी. या गावातून इतके पुरुष १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेले, त्यांपैकी इतके मेले, एवढाच तिचा मजकूर. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातले ४६ जण त्या युद्धात कामी आले. आज ते गाव ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखले जाते. मराठा पलटणी मेसोपोटेमियात, कुतच्या वेढ्यात होत्या. तिकडच्या मृतांसाठी बसऱ्याला स्मारक झाले, तेव्हा ब्रिटिश सैनिकांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. हिंदी शिपायांची फक्त पलटणवार संख्या. साम्राज्याने मरणातही पंक्तिभेद केला.

यावर आक्षेप येतो, की ही माणसे परक्या सत्तेसाठी लढली, त्यांचा गौरव का करावा? सत्तेचा हिशेब वेगळा मांडावा, तो कठोरपणेच मांडावा. पण पगारासाठी किंवा घराण्याच्या रिवाजासाठी भरती होऊन परत न आलेल्या मुलाचे दुःख त्याच्या घराने सोसले, सरकारने नव्हे. स्मारक त्या घराचे आहे. दुसरा आक्षेप पुतळ्यावरच आहे: एकाच साच्यातून निघालेला चेहरा कुणाचा म्हणायचा? हा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. पुतळ्यामुळे जाणारा-येणारा थबकतो, लहान मुले विचारतात की हा कोण. एवढे काम तो करतो. त्या प्रश्नाचे उत्तर मात्र चबुतऱ्यावरच्या पाटीनेच द्यायला हवे. ती कोरी असेल, तर नव्या पुतळ्याचीही वीरगळासारखीच गत होईल.

म्हणून ज्या ग्रामपंचायती आज स्मारक उभारत आहेत, त्यांना विनंती आहे: प्रत्येकाचे पूर्ण नाव, पलटण, जागा आणि तारीख मराठीत, खोल कोरून घ्या. जिथे जुनी पाटी नुसता आकडा सांगते, तिथे नावे शोधून शेजारी लावा. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या नोंदींत हिंदी शिपायांच्या वडिलांचे नाव, गाव आणि तालुकाही पुष्कळदा सापडतो.