दिवसा आकाशात दिसणारा प्रकाशबिंदू (सेलू परिसर)

दिवसाच्या निरभ्र आकाशात ताऱ्यासारखा दिसणारा आणि बराच वेळ जागचा न हलणारा पांढरा ठिपका बहुधा शुक्र ग्रह किंवा अतिउंचीवरील वैज्ञानिक बलून असतो. परभणी जिल्ह्यातील सेलू येथून हे दोन्ही दिसू शकतात. नुसत्या डोळ्यांना ते जवळजवळ सारखेच भासतात. म्हणून सूर्यापासूनचे अंतर, हालचाल आणि दोन गावांतून दिसणारी दिशा पाहून त्यांची ओळख पटवली जाते.

शुक्र

सूर्य व चंद्र यांच्यानंतर शुक्र ही आकाशातील सर्वांत तेजस्वी नैसर्गिक ज्योती आहे. तिची दृश्यप्रत −४.९ पर्यंत पोहोचते. एवढे तेज दिवसाही दिसण्यास पुरेसे असते. मात्र नेमके कोठे पाहावे हे ठाऊक नसल्यास शुक्र सापडत नाही. तो सूर्यापासून सुमारे ४७ अंशांपेक्षा दूर जात नाही. सेलू भारतीय प्रमाणवेळेच्या रेखावृत्ताच्या सुमारे ६ अंश पश्चिमेस असल्याने तेथे सूर्य सरासरी १२ वाजून २४ मिनिटांनी मध्यावर येतो. १० जानेवारी २०२५ रोजी शुक्र सूर्याच्या पूर्वेस ४७ अंशांवर होता. त्या दिवशी सेलूत तो दुपारी सुमारे पावणेचारला दक्षिणेस, क्षितिजापासून सुमारे ६० अंश उंचीवर होता.

वैज्ञानिक बलून

टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे बलून केंद्र हैदराबाद येथे आहे. तेथून हायड्रोजन भरलेले, पातळ पॉलिएथिलीनचे बलून बहुधा रात्री किंवा पहाटे सोडले जातात. सुमारे ५० ते ८५ मीटर व्यासाचे हे बलून ३० ते ४२ किलोमीटर उंचीवर काही तास तरंगतात आणि वाऱ्याबरोबर शेजारच्या राज्यांवरही येतात. हैदराबाद सेलूपासून आग्नेयेस सरळ रेषेत सुमारे ३०० किलोमीटर आहे. ३५ किलोमीटर उंचीवरील बलून हैदराबादवरच असला, तरी हवा स्वच्छ असल्यास तो सेलूच्या क्षितिजावर सुमारे ५ अंश उंच असतो. सूर्यप्रकाश परावर्तित केल्यामुळे तो चमकतो.

ओळखण्याची पद्धत

* प्रथम वेळ, दिशा व उंची नोंदवावी. हात पूर्ण लांबवून धरलेली मूठ आकाशातील सुमारे १० अंश व्यापते.
* घराच्या सावलीत उभे राहून ठिपका भिंतीच्या कडेशी जुळवावा. काही मिनिटांत दूर जाणारा ठिपका विमान किंवा पक्षी असू शकतो. शुक्र ताऱ्यांप्रमाणे तासाला सुमारे १५ अंश पश्चिमेकडे सरकतो. बलूनची गती वाऱ्यावर अवलंबून असते.
* ठिपका सूर्यापासून ४७ अंशांहून बराच दूर असल्यास तो शुक्र नसतो.
* द्विनेत्री दुर्बिणीतून बलून गोल किंवा थेंबासारखा दिसू शकतो. शुक्र पृथ्वीजवळ असताना त्याची कोर दिसते.
* सर्वांत निर्णायक कसोटी दोन ठिकाणांची आहे. सेलूच्या डोक्यावर ३५ किलोमीटर उंचीवर असलेला बलून, सरळ रेषेत सुमारे ४० किलोमीटर दूर असलेल्या परभणीतून त्याच क्षणी वायव्येस, सुमारे ४० अंश उंचीवर दिसेल. शुक्राच्या जागेत मात्र दोन्ही शहरांतून अर्ध्या अंशाहूनही कमी फरक पडतो. दिशेतील या फरकास पराशय म्हणतात.

दक्षता

सूर्याच्या जवळपास दुर्बीण रोखू नये. सूर्य क्षणभर दृष्टिक्षेत्रात आला तरी डोळ्यांना कायमची इजा होऊ शकते. उड्डाण संपल्यावर बलूनची उपकरणे रंगीत हवाई छत्रीच्या साहाय्याने जमिनीवर उतरतात. ती शेतात आढळल्यास उघडू वा हलवू नयेत आणि जवळच्या पोलीस ठाण्यास कळवावे, असे आवाहन संस्था करते. हाताळणीमुळे उपकरणांतील नोंदी नष्ट होऊ शकतात आणि संपूर्ण उड्डाण वाया जाऊ शकते.