मुखातील पांढरा चट्टा : एका निदानाचा इतिहास

१९५५ साली सांघवी, राव व खानोलकर यांनी मुंबईतील रुग्णांच्या अभ्यासातून तंबाखू व मुखकर्करोग यांचा संबंध दाखविला. त्यामुळे तोंडातील पांढऱ्या चट्ट्याचे कारण व्यसनात शोधण्याची दृष्टी दृढ झाली, व ती योग्यच होती. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभी झिन्सर या जर्मन त्वचारोगतज्ज्ञाने वर्णिलेल्या डिस्केराटोसिस कंजेनिटा या आनुवंशिक रोगात हाच चट्टा तंबाखूवाचून उमटतो. नखे झिजतात, त्वचेवर जाळीदार डाग पडतात, केस अकाली पिकतात, अस्थिमज्जा क्षीण होते.

मिचेल, वुड व कॉलिन्स यांनी १९९९ साली याचे मूळ उलगडले : गुणसूत्रांची टोके, म्हणजे टेलोमिअर, राखणारे टेलोमरेज हे एंझाइम येथे दुर्बल असते. टेलोमिअर फार आखूड झाले की पेशीचे विभाजन थांबते. तेव्हा कर्करोग घटावा. प्रत्यक्षात तो वाढतो. उघडी टोके परस्परांस जुळून गुणसूत्रे तुटतात, आणि हा अटकाव चुकविणारी एखादी पेशी अनिर्बंध वाढते.

म्हणून छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयातही, तंबाखूस न शिवलेल्या तरुणाच्या तोंडात असा चट्टा आढळल्यास नखे अवश्य पाहावीत. अशा रुग्णास नेहमीच्या मात्रेचा किरणोपचारही घातक ठरू शकतो.