मान्वेल दे फाया आणि १९२२ ची ग्रनाडातील गायनस्पर्धा

प्रस्तावना :
विसाव्या शतकातील स्पॅनिश अभिजात संगीताचा विचार करताना मान्वेल दे फाया (१८७६–१९४६) यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. लोकसंगीताचा आधार घेऊन आधुनिक रचना करणारा संगीतकार, असा त्यांचा परिचय सर्वसाधारणपणे करून दिला जातो. परंतु हे लोकसंगीत नेमके कोणाचे आणि ते शुद्ध ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न त्या परिचयात बहुधा दडून राहतो. प्रस्तुत निबंधात तो प्रश्न १९२२ सालच्या एका स्पर्धेच्या अनुषंगाने तपासला आहे.

जडणघडण :
फाया यांचा जन्म दक्षिण स्पेनमधील कादिझ या बंदराच्या शहरी झाला. माद्रिद येथे फेलिपे पेद्रेल हे त्यांना गुरू लाभले. राष्ट्रीय संगीताची उभारणी लोकगीतांच्या पायावर व्हावी, हा पेद्रेल यांचा आग्रह होता. १९०५ मध्ये फाया यांच्या 'ला विदा ब्रेव्हे' या संगीतिकेस राजकीय ललितकला अकादमीच्या स्पर्धेत पारितोषिक मिळाले. तथापि माद्रिदमध्ये ती रंगभूमीवर येईना. १९०७ मध्ये ते पॅरिसला गेले. तेथे द्युका, देब्युसी, राव्हेल व आल्बेनिझ यांचा सहवास घडला आणि ती संगीतिका अखेर १९१३ मध्ये फ्रान्समधील नीस येथे, तीही फ्रेंच भाषेत, सादर झाली. स्वदेशाच्या मातीतील संगीताला परदेशातून मान्यता मिळवावी लागावी, हा अनुभव भारतीय वाचकास अपरिचित वाटणार नाही. पहिल्या महायुद्धास तोंड लागताच १९१४ मध्ये ते मायदेशी परतले. 'एल आमोर ब्रुखो' (१९१५) आणि लंडनमध्ये पिकासो यांच्या नेपथ्यासह सादर झालेले 'त्रिकोणी टोपी' हे नृत्यनाट्य (१९१९) या कृतींनी त्यांची कीर्ती युरोपभर पसरविली.

ग्रनाडातील स्पर्धा :
कीर्तीच्या शिखरावर असताना फाया यांनी ग्रनाडात, अल्हाम्ब्रा राजवाड्याच्या टेकडीवर, बहिणीसह घर केले. आंदालुसियातील 'कांते होंदो', म्हणजे शब्दशः 'खोल गाणे', हे कॅफेतील व्यावसायिक फ्लामेंकोमुळे भ्रष्ट होऊन लोप पावत आहे, अशी त्यांची धारणा होती. तरुण कवी फेदेरिको गार्सिया लोर्का व इतर मित्रांच्या साहाय्याने १३ व १४ जून १९२२ रोजी अल्हाम्ब्रातील प्रांगणात स्पर्धा भरविण्यात आली. एकवीस वर्षांवरील व्यावसायिक गायकांस तीत मज्जाव होता. पारितोषिकांचे मानकरी ठरले ते 'एल तेनासास' या नावाने ओळखले जाणारे वृद्ध दिएगो बेर्मुदेझ आणि मानोलो ओर्तेगा हा लहान मुलगा.

येथेच या उपक्रमातील विसंगती उघड होते. ज्या व्यावसायिकांना बाहेर ठेवले, त्यांच्यापैकीच अग्रगण्य असे आंतोनियो चाकोन परीक्षकांच्या अध्यक्षस्थानी होते. छोटा मानोलोही गायकांच्या घराण्यातलाच. पुढे 'मानोलो काराकोल' या नावाने तो नामांकित व्यावसायिक झाला. पोटासाठी गाणाऱ्यांनीच ही गायकी जोपासली, वाढविली, हे फाया यांच्या ध्यानी आले नाही, असे म्हणणे भाग आहे. (शुद्धतेचा हा सोस आपल्याकडील लावणीच्या अभ्यासकांतही आढळतोच.)

भारतीय दुवा :
स्पर्धेच्या निमित्ताने फाया यांनी एक पुस्तिका निनावी प्रसिद्ध केली. बायझंटाईन धर्मगायन, अरबांचे आगमन व जिप्सींचे स्थलांतर हे तीन प्रभाव त्यांनी तीत मानले. अर्धस्वराहून सूक्ष्म स्वरांतरे, स्वरांचा मर्यादित विस्तार, एकाच स्वरावर पुनःपुन्हा येणे आणि भावाच्या उत्कटतेतून उमटणारे अलंकरण ही लक्षणे नोंदवून त्यांनी भारतीय संगीताशी साम्य दाखविले. श्रुती व मींड यांचा परिचय असलेल्या वाचकास हे विवेचन आकर्षक वाटेल. मात्र सावधगिरी आवश्यक आहे. जिप्सींची भाषा भारतीय-आर्य कुळातील आहे, हे भाषाशास्त्राने सिद्ध केले आहे. त्यावरून त्यांचे गाणेही भारतातून आले, असे सिद्ध होत नाही. शतकानुशतकांच्या प्रवासात भाषेचा मागोवा घेता येतो, ध्वनिमुद्रण नसलेल्या गळ्याचा नाही.

उत्तरायुष्य :
स्पर्धेनंतर फाया यांची शैलीच पालटली. हार्पसिकॉर्ड व पाच वाद्ये यांसाठीच्या कॉन्चेर्तोत (१९२६) आंदालुसियाचा रंग मावळून जुन्या कॅस्टीलचा रुक्षपणा आला. ऑगस्ट १९३६ मध्ये यादवी युद्धाच्या आरंभी लोर्का यांना बंडखोरांनी पकडले. धर्मनिष्ठ कॅथलिक व स्वभावाने अत्यंत भित्रे असलेले फाया त्यांच्या सुटकेसाठी स्वतः ग्रनाडाच्या शासकीय कचेरीत गेले. परंतु तोवर लोर्का यांची हत्या झालेली होती. १९३९ मध्ये फाया अर्जेंटिनास गेले, ते परतलेच नाहीत. 'आत्लांतिदा' हे १९२७ पासून हाती घेतलेले महाकाय काम अपुरेच राहिले. ते शिष्य एर्नेस्तो आल्फ्तेर यांनी पुरे केल्यावर १९६१ मध्ये बार्सिलोनात प्रथम ऐकविले गेले. १४ नोव्हेंबर १९४६ रोजी आल्ता ग्रासिया येथे फाया यांचे निधन झाले. ज्या राजवटीच्या स्पेनमध्ये ते जिवंतपणी परतले नाहीत, त्याच राजवटीच्या काळात १९४७ मध्ये त्यांचा देह कादिझच्या कॅथेड्रलमध्ये सन्मानाने पुरण्यात आला. लोर्का यांचे दफनस्थान मात्र निश्चित झालेले नाही.