जलपुटी, अनपेक्षित अवयवांतील

एकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस या फीतकृमीच्या डिंभावस्थेमुळे शरीरात होणारी द्रवाने भरलेली गाठ, हायडॅटिड पुटी. जेमतेम ३ ते ६ मिमी. लांबीचा प्रौढ कृमी कुत्र्याच्या लहान आतड्यात राहतो. विष्ठेतील अंडी मेंढ्या-गुरांच्या, प्रसंगी माणसाच्या पोटात जातात आणि त्यांतून सुटलेले भ्रूण आतड्याची भित्ती भेदून रक्तात शिरतात. यकृत ही त्यांच्या वाटेवरची पहिली गाळणी व फुप्फुस दुसरी. म्हणून सुमारे ७० टक्के पुटी यकृतात व २० टक्के फुप्फुसांत आढळतात. दोन्हींतून निसटलेले भ्रूण प्लीहा, मूत्रपिंड, नेत्रकोटर, अवटू ग्रंथी अशा कोणत्याही अवयवात रुजू शकतात. मेंढीपालनाच्या प्रदेशांत रोग अधिक. भारतातही तो आढळतो.

हाडे : सर्वांत फसवा प्रकार. यकृतात पुटीभोवती रुग्णाच्याच ऊतींचे तंतुमय आवरण बनते आणि ती गोल वाढते. हाडात असे आवरण बनत नाही. पुटी अस्थीच्या बारीक पोकळ्यांतून शिरत, हाड पोखरत पसरते आणि वर्षानुवर्षे काहीच जाणवत नाही. हाडांतील सुमारे निम्म्या पुटी मणक्यांत असतात. मज्जारज्जूवर दाब आला की पाठदुखी, पायांतली कमजोरी व अखेर अधरांगवात होतो. चित्र मणक्याच्या क्षयासारखे दिसते. क्षय सर्रास आढळणाऱ्या आपल्या देशात हा संशय आधी येणे स्वाभाविक आहे, पण क्षयाच्या औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णात जलपुटीचा विचार झालाच पाहिजे. ब्रेथवेट व लीज यांनी १९८१ मध्ये मणक्यातील पुटींचे पाच प्रकार पाडले. शस्त्रक्रियेनंतरही रोग अनेकदा उलटतो.

मेंदू : बहुतेक रुग्ण मुले. पुटी सहसा एकच असते. डाउलिंग पद्धतीत तिच्यामागे लवणजल सोडून ती अखंड बाहेर काढतात.

हृदय : बहुधा डाव्या निलयाच्या भित्तीत.

स्नायू : मांडीतील किंवा मानेतील गाठ चरबीची समजून तीत सुई घातली जाते. द्रव सांडल्यास प्राणघातक अधिहर्षता उद्भवू शकते, शिवाय सांडलेल्या कणांतून नव्या पुटी वाढतात. त्यामुळे सुईपूर्वी सोनोग्राफी अत्यावश्यक. यकृतातील निवडक पुटींवर अल्बेंडाझोल या कृमिनाशकाच्या छत्राखाली सुईने उपचार होतात; इतर अवयवांबाबत एकमत नाही.

निदान : सोनोग्राफी, सीटी, एमआरआय. रक्तातील प्रतिपिंड चाचणी नकारार्थी आली तरी रोग नाही असे ठरत नाही. कासोनी त्वचाचाचणी मागे पडली आहे.

प्रतिबंध : कत्तलीतील टाकाऊ अवयव कुत्र्यांना न घालणे, कुत्र्यांना प्राझिक्वांटेल हे कृमिनाशक देणे.