छोट्या इंजिनातला विस्तव

खेळण्याच्या दुकानातील आगगाडीत किल्ली किंवा विजेची मोटर असते. परंतु इंग्लंडमध्ये गेली शंभराहून अधिक वर्षे एक वेगळाच छंद जोपासला जात आहे. घरातल्या छोट्या लेथवर आगगाडीचे छोटे इंजिन बनवायचे, त्यात खरे पाणी आणि खरा कोळसा घालायचा आणि वाफेच्या बळावर ते रुळांवर पळवायचे. या छंदातील माणसे ज्या कारागिराचे नाव आजही आदराने घेतात, तो ‘एलबीएससी’ या टोपणनावाने लिहीत असे. प्रस्थापित तज्ज्ञांचे मत त्याने वादात नव्हे, तर रुळांवर कसे खोडून काढले, ही गोष्ट विज्ञान शिकवणाऱ्यांनी माहीत करून घ्यावी अशी आहे.

‘एलबीएससी’ ही आद्याक्षरे लंडन, ब्रायटन अँड साउथ कोस्ट या रेल्वेची. तरुणपणी त्याने या रेल्वेत नोकरी केली होती. पुढे तो लिलियन लॉरेन्स या नावाने वावरला. मित्रमंडळी त्याला ‘कर्ली’ म्हणत. विद्यापीठाची पदवी त्याच्याजवळ नव्हती. होते ते खऱ्या इंजिनाचे ज्ञान: भट्टी केव्हा भडकते, केव्हा मंदावते, वाफ कोठे वाया जाते, हे त्याला ठाऊक होते.

१९२०च्या सुमारास लहान इंजिनांच्या बाबतीत एक मत रूढ झाले होते. ६३.५ मिलिमीटर, म्हणजे अडीच इंच रुंदीच्या रुळांवर चालणाऱ्या इंजिनात कोळसा नीट जळणार नाही; त्यासाठी स्पिरिटचे दिवे आणि खाली पाण्याच्या नळ्या लावलेला साधा बॉयलरच योग्य. या मताचे मोठे पुरस्कर्ते हेन्री ग्रीनली हे होते. ग्रीनली सामान्य असामी नव्हते. केंट परगण्यात १९२७ साली सुरू झालेल्या रॉम्नी, हाइद अँड डिमचर्च या छोट्या रेल्वेची आणि तिच्या इंजिनांची आखणी त्यांचीच. त्यांच्या मतामागे विचार होता, आणि तो आपण आधी समजून घेऊ.

इंग्लंडमधील रुळांची प्रमाणित रुंदी १४३५ मिलिमीटर. तिला ६३.५ ने भागले, तर साधारण २३ येतात. म्हणजे इंजिनाची लांबी, रुंदी, उंची सगळे २३ पट कमी झाले. मग पृष्ठभाग कितीने कमी होईल? २३ चा वर्ग, म्हणजे ५२९ पट. आणि आकारमान? २३ चा घन, म्हणजे सुमारे १२,००० पट. बॉयलरमधील पाणी बारा हजार पटींनी घटले, पण उष्णता बाहेर टाकणारा पृष्ठभाग फक्त ५२९ पटींनी. म्हणजेच दर ग्रॅम पाण्याच्या वाट्याला मोठ्या इंजिनापेक्षा २३ पट अधिक पृष्ठभाग आला! चुलीतून एकटा बाहेर काढलेला निखारा लगेच काळवंडतो, तो याच कारणाने. मूठभर कोळशाची भट्टी टिकणार नाही, ही शंका बिनबुडाची नव्हती.

१९२२ मध्ये ‘मॉडेल एंजिनिअर’ या नियतकालिकात या प्रश्नावर पत्रांची लढाई जुंपली. हे नियतकालिक पर्सिव्हल मार्शल यांनी १८९८ साली सुरू केले होते. त्यात एलबीएससीने लिहिले की, आपल्या अडीच इंची इंजिनात कोळसा उत्तम जळतो आणि ते इंजिन मोठ्या माणसाला ओढून नेते. पुष्कळांना ही बढाई वाटली. छंदाच्या इतिहासात हा वाद ‘बॉयलरांची लढाई’ म्हणून प्रसिद्ध आहे. अखेर १९२४ मध्ये लंडनला उघड चाचणी झाली. एका बाजूला ग्रीनलींच्या आखणीचे इंजिन, दुसऱ्या बाजूला एलबीएससीचे ‘आयेशा’. ‘आयेशा’ने कोळशावर वाफ धरली आणि माणसे ओढून दाखवली. कोळसा जळत नाही, असे म्हणण्यास आता जागा उरली नाही.

मग मघाचे गणित चुकले होते काय? मुळीच नाही. ते अर्धेच मांडले गेले होते. पाण्याच्या मानाने बाहेरचा पृष्ठभाग जसा २३ पट वाढला, तसाच भट्टीकडून उष्णता घेणारा आतला पृष्ठभागही वाढला! जो नियम पाणी लवकर निववतो, तोच ते लवकर तापवतोही. मोठ्या इंजिनाला थंड अवस्थेतून वाफ धरायला कित्येक तास लागतात. छोट्याला काही मिनिटे पुरतात. प्रश्न एवढाच, की विस्तव जोमाने पेटता कसा ठेवायचा? याचे उत्तर मोठ्या इंजिनातच होते. काम करून बाहेर पडणारी वाफ धुरांड्यातून वर फेकली की तिच्याबरोबर धूर ओढला जातो आणि भट्टीत ताजी हवा शिरते. ओझे वाढले की वाफ अधिक, वाफ अधिक की हवा अधिक, हवा अधिक की आग अधिक. स्पिरिटच्या दिव्याला हे साधत नाही.

मात्र मोठ्या इंजिनाची हुबेहूब नक्कल करूनही चालत नाही. मोठ्या बॉयलरमधून धूर वाहून नेणाऱ्या नळ्या साधारण ४५ ते ५० मिलिमीटर व्यासाच्या असतात. त्या २३ पट लहान केल्या तर व्यास उरेल दोनच मिलिमीटर. बारीक नळीतून संथपणे वाहणाऱ्या वायूचा प्रवाह व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतो. आठ मिलिमीटरच्या एका नळीच्या जागी तेवढ्याच एकूण छेदाच्या दोन मिलिमीटरच्या सोळा नळ्या घातल्या, तर त्या सोळांतून मिळून पूर्वीच्या सोळाव्या हिश्श्याएवढाच वायू जाईल. शिवाय काजळीने त्या तुंबतील, ते वेगळेच. म्हणून छोट्या बॉयलरमध्ये नळ्या मोजक्या आणि प्रमाणाने जाड ठेवाव्या लागतात. रूप मोठ्या इंजिनाचे, पण आतली मापे निसर्गाला मानवतील अशी, हे एलबीएससीच्या आखणीचे सूत्र होते.

छोट्या सिलिंडरच्या भिंतींना लागून वाफ चटकन निवते आणि तिचे पाणी होते. यावर उपाय म्हणून तो वाफेची नळी भट्टीच्या धुरातून फिरवून वाफ आणखी तापवत असे. झडपा नेमक्या क्षणी उघडाव्यात आणि मिटाव्यात याबद्दल त्याचा फार कटाक्ष. वाफ लवकर अडवून तिच्या प्रसरणाचा लाभ घेतला, की पाणी आणि कोळसा दोन्ही वाचतात.

तरीही दहा किलोच्या इंजिनाने माणूस ओढावा कसा, असा प्रश्न विद्यार्थी विचारतील. समजा, माणूस आणि गाडी मिळून ८० किलो आहेत. सपाट रुळांवर चाके चांगली फिरत असतील तर गाडी चालती ठेवायला वजनाच्या एक-दोन टक्क्यांइतका जोर पुरतो, म्हणजे फार तर दीड किलोचा. दहा किलोच्या इंजिनाचे बहुतेक वजन चालक चाकांवर असेल, तर रुळांवरची पकड दोन-अडीच किलोंची सहज मिळते.

चाचणी जिंकून एलबीएससी थांबला असता, तर आज त्याची आठवण थोड्यांनाच राहिली असती. १९२४ पासून तो ‘मॉडेल एंजिनिअर’मध्ये नियमित लिहू लागला आणि मधली काही वर्षे सोडता १९६७ मध्ये मृत्यू येईपर्यंत लिहीत राहिला. त्याचा वाचक म्हणजे साधा लेथ आणि थोडीच हत्यारे असलेला नोकरदार माणूस. तांब्याचा पत्रा कसा वाकवावा, चांदीचा झाळ कसा द्यावा, भोक सरळ कसे पाडावे, हे तो शेजारी उभे राहून सांगावे तसे लिही. नकाशे आणि सूचना मिळून जे होते, त्याला तो ‘शब्द आणि संगीत’ म्हणे. साडेतीन इंची रुळांवरचे त्याचे ‘टिच’ हे चिमुकले इंजिन नवशिक्यांसाठी होते. ते आजही बनवले जाते.

ग्रीनली आणि एलबीएससी यांच्यापैकी एक अडाणी आणि दुसरा शहाणा होता, असा निष्कर्ष वर्गात काढू नये. नियम दोघांनाही एकच लागू होता. एकाने त्यावरून काय अशक्य आहे ते ठरवले. दुसऱ्याने भट्टी पेटवली आणि नियमाची दुसरी बाजू उघड केली. वर्ग-घनाचा नियम शिकवताना मुंगी आणि हत्तीची उदाहरणे आपण नेहमी देतो. त्यांच्या जोडीला ‘आयेशा’ही सांगावी, आणि तिच्यात काय २३ पट लहान करायचे व काय नाही, याची यादी विद्यार्थ्यांनाच करायला द्यावी.